शर्टाचं माप

ओपलने तुरुंगाच्या आवारात सावली बघून गाडी लावली आणि मागच्या सीटवरचा पांढरा शर्ट उचलला.

"आत कपडे देऊ देत नाहीत. इतकी वर्षं येतेस, अजून कळलं नाही?"

"आतल्यासाठी नाहीच तो," व्हर्लीन म्हणाली.

ओपलने शर्ट होता तसा ठेवला.

दोघी शेजारणी. ह्यूस्टनहून एकाच गाडीने यायच्या. उशीर ओपल करायची आणि खापर हायवेवर फोडायची. आत गेल्यावर मात्र वाटा वेगळ्या. दरोड्यात दुकानदारावर गोळी झाडली ओपलच्या मुलाने, डेमंडने. त्याने गुन्हा कबूल करून सरकारशी तडजोड केली, जन्मठेपेवर निभावलं. भेटीत त्याला मिठी मारता येई. व्हर्लीनचा मुलगा जेरिक बाहेर गाडीत बसून होता, पण टेक्सासात साथीदारालाही खुनासाठी फाशी होऊ शकते. "मी मारलंच नाही, तर कबूल काय करू?" म्हणत त्याने तडजोड नाकारली. त्याला फाशी, भेट काचेपलीकडून.

अशा साथीदारांना फाशी नको, असं बिल यंदा ऑस्टिनला, राज्याच्या विधिमंडळात, एका सभागृहात मंजूर झालं. जेरिक घरी आला नसताच, पण काचेच्या अलीकडे आला असता. दुसऱ्या सभागृहाने ते चर्चेलाच घेतलं नाही. जेरिकची फाशी येत्या गुरुवारी होती.

"छातीचा घेर केवढा असेल गं जेरिकचा?" व्हर्लीनने विचारलं. "काचेतून अंदाज येत नाही. मी शेवटचा शर्ट घेतला तेव्हा मिसरूड फुटत होतं."

"त्यालाच विचार की."

"'माप कशाला हवंय?' असं विचारेल ना तो."

ओपलने बंद गाडीची किल्ली उगाच पुन्हा फिरवून पाहिली.

"शाळेत दोघं एकमेकांचे शर्ट घालायचे," व्हर्लीन म्हणाली. "अजूनही एकाच अंगाचे दिसतात. डेमंडला मिठी मारशील तेव्हा बघ जरा."

भेटी संपल्या. व्हर्लीन आधी बाहेर आली आणि गाडीला टेकून उभी राहिली. बऱ्याच वेळाने दारात ओपल दिसली. हात पुढे, गोल धरलेले, बोटं बोटांत अडकवलेली. पहारेकऱ्याने विचित्र नजरेने पाहत तिच्यासाठी दार धरलं. ऊन चढलं होतं. ती तशीच, हात न सोडता, सगळं आवार ओलांडून आली.

"एवढा," ती म्हणाली.

व्हर्लीनने शर्टाकडे पाहिलंच नाही. ती वाकली, ओपलच्या हातांखालून आत शिरली आणि सरळ उभी राहिली. भोवती बरीच जागा उरली.

"हलू नकोस," ओपल म्हणाली. "माप जाईल."