खिळ्यावरची टोपी

रविवारी सकाळी अकरा वाजता निवेसने वरच्या हौदाची झडप उघडली. त्याआधी तिने खिळ्याकडे पाहिलं. खिळा मोकळा होता.

ओर्झाती विला या जुन्या हवेलीच्या बागेत पंप नाही. टेकडीवरच्या हौदातलं पाणी एकशे वीस मीटर लांब दगडी बोगद्यातून उतरतं आणि स्वतःच्या जोरावर खालच्या सतरा कारंज्यांतून उडतं. बोगदा साफ करायला आत शिरणाऱ्याने आपली टोपी झडपेशेजारच्या खिळ्याला अडकवायची आणि टोपी तिथं असेपर्यंत झडपेच्या चाकाला कुणी हात लावायचा नाही, अशी रीत. निवेसच्या वडिलांनी ती पाळली, त्यांच्या वडिलांनीही. वडील आणखी एक करत. खिळा मोकळा दिसला तरी बोगद्याच्या तोंडाशी वाकून एक हाक मारत. निवेसही बत्तीस वर्षं मारत आली होती. त्या रविवारी तिने मारली नाही.

बोगद्यात उतरणारा माणूस एकच, तिचा धाकटा भाऊ सेत्तिमिओ. त्याच्याशी ती अकरा दिवस बोलत नव्हती. बहिणीला उजव्या कानाने ऐकू येत नाही, तिला पाण्याच्या कामावर एकटीला ठेवू नका, असं त्याने व्यवस्थापिका ब्राचीबाईंना जाऊन सांगितलं होतं. गोष्ट खरी होती, म्हणूनच जास्त झोंबली. शिवाय सफाईचा वार शनिवार. हा शनिवार सेत्तिमिओने दुसऱ्या गावच्या लग्नात घालवला आणि सफाई रविवार सकाळवर ढकलली, हे तिला माहीत नव्हतं. सांगणार कोण? बोलणं बंद होतं.

चाकाचे बावीस फेरे झाले. पाणी बोगद्यात शिरल्याचं तिने डाव्या कानाने ऐकलं आणि शहाण्णव पायऱ्या उतरून ती खाली आली.

खालच्या गच्चीवर इलारिओ चाळीसेक पाहुण्यांना घेऊन उभा होता. बाग दाखवायचं काम त्याचं.

"बसा, सिन्योरी, दमला असाल," तो दगडी बाकांकडे हात करून म्हणाला. "ही बाग बांधणाऱ्या कार्डिनलसाहेबांचे पाहुणे इथंच बसायचे."

दहाबारा जण बसले. निवेसने झुडपामागच्या नळाची कळ पायाने दाबली. बाकांखालच्या छिद्रांतून पाणी उसळलं, लोक ओरडत उठले, मग हसू लागले.

"तेही असेच भिजायचे," इलारिओ म्हणाला. "फरक एवढाच, त्यांना हसणं सक्तीचं होतं."

निवेस हसली नाही. ती मधल्या कारंज्याकडे बघत होती. तिथली धार दोन पुरुष उंच उडायला हवी, ती कमरेएवढीही नव्हती. कुंडात काहीतरी तरंगत आलं. तिने वाकून उचललं. अंजिराच्या मुळ्या होत्या. टोकं कोयत्याने तोडलेली, आतून अजून पांढरी.

ती सरळ झाली तेव्हा तिला टोपी दिसली. गवताची, कडेला निळ्या चौकड्यांची पट्टी. ती पट्टी दोन वर्षांपूर्वी तिनेच भावासाठी शिवली होती. टोपी एका साठीच्या पाहुणीच्या डोक्यावर होती.

"ही कुठून घेतलीत?"

"वरून. देखावा बघायला गेलो होतो ना, तिथं खिळ्याला होती." बाई बेर्गामोची होती, बोलकी. "ठेवणार आहे हो परत. फाटकावरची मुलगीच म्हणाली, ऊन फार आहे, टोप्या घ्या, जाताना जिथली तिथं अडकवा."

तेही खरं होतं. मे महिन्यापासून ब्राचीबाईंनी लिंबांच्या कुंड्या ठेवतात त्या घराच्या भिंतीला खिळे ठोकून पाहुण्यांसाठी वीस टोप्या टांगल्या होत्या.

"केव्हा घेतलीत?"

"साडेदहा असतील. का, तुमची आहे का?"

निवेस तोवर पायऱ्यांवर पोचली होती.

तिचं वय एकसष्ट. दोनदा ती गुडघ्यावर आपटली. इलारिओ मागून पळत आला आणि दोघांनी मिळून चाक फिरवलं. अकरा वाजून एकोणीस मिनिटांनी झडप बंद झाली. तिने बोगद्याच्या तोंडाशी आडवं होऊन हाक मारली. "सेत्तिमिओ." डावा कान आत केला. पाण्याचा आवाज होता. पुन्हा हाक मारली. तोच आवाज.

"कदाचित आधीच बाहेर आला असेल," इलारिओ म्हणाला. "टोपी मिळाली नाही म्हणून शिव्या देत घरी गेला असेल."

"त्याची सायकल झाडाला टेकलेली आहे. मघाशी मी तिकडं पाहिलंच नाही."

इलारिओने वळून पाहिलं. सायकल होती.

अग्निशमन दल अकरा पन्नासला पोचलं. प्रमुखाचं नाव मार्केत्ती. त्याने दोन माणसं वर ठेवली आणि दोन खाली, जिथं बोगदा संपतो तिथल्या लोखंडी जाळीपाशी पाठवली. जाळी तोडलेल्या मुळ्यांनी बुजली होती. पाणी निघत नव्हतं.

"आत मानेपर्यंत पाणी आहे," तो म्हणाला. "ते कमी झाल्याशिवाय मी माणूस उतरवणार नाही. मध्ये कुठं चढायला जागा आहे?"

"हवेची विहीर आहे," निवेस म्हणाली. "निम्म्यावर. आत लोखंडी पायऱ्या आहेत. वर दगडाचं झाकण."

ब्राचीबाई नकाशा घेऊन आल्या होत्या. "यात विहीर नाही."

"नकाशा काढणाऱ्याने माझ्या बापाला विचारलं नसेल." निवेस उतारावरच्या हिरव्या भिंतीकडे निघाली. लॉरेलच्या झुडपांचं ते कुंपण चार माणसं रुंद, छाटून छाटून दगडासारखं घट्ट झालेलं. तिसऱ्या संगमरवरी पुतळ्यासमोर ती थांबली. "इथं. आत."

ब्राचीबाईंनी कुंपणाकडे पाहिलं. "याची एक फांदी कापायची तरी वारसा खात्याला तीन महिने आधी कळवावं लागतं." मग त्या इलारिओला म्हणाल्या, "करवत आण. मोठी."

बारा वाजून दहा मिनिटांनी कुंपणाला दाराएवढं भगदाड पडलं. झाकण सापडलं. त्यावरून मनगटाएवढं मूळ गेलं होतं आणि दगडाला पकडून बसलं होतं. त्या दगडात बसवलेली लोखंडी कडी सरळ आतल्या पायऱ्यांना जोडलेली होती.

निवेसने खिशातून सळई काढली. पाणीवाल्यांकडे ती असतेच. एक टोक नळाला, एक कानाला, म्हणजे कुठं तुंबलंय ते कळतं. तिने टोक कडीवर ठेवलं, दुसरं डाव्या कानाला. करवत थांबवायला हात वर केला.

"ठोकतोय," ती म्हणाली. "पायरीवर ठोकतोय."

मार्केत्तीने आपलं ऐकण्याचं यंत्र दगडाला लावलं, कानाला लावलं, बराच वेळ ऐकलं. "मला पाणी ऐकू येतं."

"नीट ऐका."

"नीटच ऐकतोय, बाई. थंड पाण्याने तापलेलं लोखंड आकसलं तरी टकटक होते."

ब्राचीबाई हळूच म्हणाल्या, "निवेस, कुठल्या कानाने ऐकलंस?"

"डाव्या."

"नक्की?"

"उजव्याबद्दल त्याने सांगितलंय ना तुम्हाला. डाव्याबद्दल काही म्हणाला का?"

ब्राचीबाईंनी नकारार्थी मान हलवली. मार्केत्तीने माणसांना मूळ तोडायला सांगितलं. यंत्राची करवत दगडावर ठिणग्या उडवेल म्हणून हातकरवतीने. निवेस तिथंच मातीत बसून राहिली. दर दोन मिनिटांनी ती हात वर करी, माणसं थांबत, ती ऐके. तीन ठोके म्हणजे ठीक आहे, ही घरातली खूण. बोगद्यातून वर, वरून बोगद्यात. वडिलांनी दोघांना एकाच दिवशी शिकवली होती. तिने दगडाने कडीवर तीन ठोके दिले.

खाली पाहुण्यांना फाटकाबाहेर काढलं होतं. बेर्गामोची बाई मात्र गेली नव्हती. ती टोपी दोन्ही हातांत धरून वर चढून आली आणि कुंपणाच्या भगदाडापाशी थबकली.

"मला वाटलं पाहुण्यांसाठीच आहे," ती म्हणाली.

"हो," निवेस म्हणाली. "तुमची चूक नाही. तिकडं वर खिळा आहे, तिथं ठेवा. नाही, थांबा. आता चाकाला कुणी हात लावणार नाही, द्या इकडं." तिने टोपी घेतली आणि मांडीवर ठेवली. "मी एक हाक मारायची होती. तेवढंच होतं."

बाईला कळलं नाही.

बारा एकतीसला खालून निरोप आला. जाळी निम्मी मोकळी झाली होती आणि पाणी उतरू लागलं होतं. जाळीत मुळ्यांचा भारा मिळाला, एक कोयता मिळाला, एक डावा बूट मिळाला. बूट वर आणला तेव्हा तो सेत्तिमिओचा असल्याचं निवेसने नाडीवरून ओळखलं. मार्केत्तीने तो पोत्याखाली ठेवायला सांगितला.

बारा अडतीसला तिने पुन्हा हात वर केला. या वेळी मार्केत्तीही तिच्या शेजारी मातीत बसला, यंत्र बाजूला ठेवून. तिने सळईचं टोक त्याच्या कानाला लावलं आणि दगडाने तीन ठोके दिले. दोघं थांबले.

"काही आलं?" ब्राचीबाईंनी विचारलं.

"एक आला," मार्केत्ती म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "बहुतेक दोन."

निवेसने सळई परत घेऊन कानाला लावली.

बारा बेचाळीसला मूळ तुटलं. पहारीने दगड चार बोटं उचलला गेला. फटीतून विहिरीतलं पाणी आणि वरची पायरी एवढंच दिसत होतं. निवेसने फटीत तोंड घालून भावाचं नाव घेतलं. आतून अजून उत्तर आलेलं नव्हतं. माणसं दुसरी पहार बसवत होती.