शेजारच्या वाटीतलं विरजण

मी एक जुनं विरजण आहे. हसू नका, मित्रांनो. तुमच्या ताटातलं दही रोज नवं असतं, पण ते लावायला चमचाभर कालचं लागतं आणि कालच्याला परवाचं. असं मागे मोजत गेलात तर माझं वय चाळीसच्या वर भरेल.

नागम्मा देगलूरहून लग्न होऊन उदगीरकडच्या या गावात आली, तेव्हा तिच्या आईने मला बरणीत घालून सोबत दिलं. या गल्लीत सात घरं, भिंतीला भिंत लागून. कुणाचं दही फसलं की ती बाई भिंतीवरून वाटी पुढे करायची. देणारीचा चमचाभर जायचा, घेणारीच्या घरचं दिवसभराचं ताक व्हायचं. बघता बघता मी सातही घरांत नांदू लागले.

तिसऱ्या घरातली चतुराबाई मात्र फार हुशार. घेताना दोन्ही भिंतींवरून घ्यायची आणि कुणी मागितलं की म्हणायची, "आत्ताच संपलं बाई." मी तिच्या भरल्या पातेल्यातून ऐकत असायचे.

पलीकडची वर्षाराणी हे बघत होती. ती म्हणाली, "ती देत न्हाई आन तिचं काही बिघडत न्हाई. मग मीच का देऊन राहिले?" तिनेही हात आखडला. मग पहिल्या दोन घरांनी. शहाणपण आलं म्हणे!

वर्षाराणीला लागून सरजाबाई. तिने वर्षाराणीला चार वेळा दिलं, परत काही आलं नाही. तीही वाटी बंदच करणार होती, पण तिच्या दुसऱ्या भिंतीला नागम्मा होती आणि नागम्मापलीकडे मल्लम्मा. तिकडून दिलेलं परत येत होतं. सरजाबाईने वर्षाराणीकडची वाटी तेवढी बंद केली. या तिघींचं चालूच राहिलं.

यंदा मे महिन्यात दोन दिवस वीज नव्हती. उन्हाने मी बहुतेक घरांत आंबून गेले. चतुराबाईने उरलंसुरलं घाईत कडकडीत दुधात घातलं. तिथे मी मेले. नागम्माकडेही नासले, पण मल्लम्माकडे तगले होते, सकाळी तिथून परत आले. पहिल्या चार घरांत मात्र मी कुठेच वाचले नाही, आणि जिच्याकडून मला मागून आणावं अशी शेजारीणही कुणाला उरली नव्हती. पाकिटातल्या दह्याचं विरजण लावून बघितलं, तर दही चिकट होऊन तार सुटली.

चतुराबाईची लेक सुकन्या पोटुशी, माहेरी आलेली. दहीभाताशिवाय तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. चतुराबाई दिवेलागणीला पदराखाली वाटी घेऊन नागम्माच्या दारात आली. कुणी बघू नये म्हणून तिने ती वेळ धरली होती.

"दिवा लागला," नागम्मा म्हणाली. "आता पांढरं घराबाहेर जात न्हाई."

"अक्का, लेकीसाठी मागून राहिले."

"लेकीला इथं जेवाया पाठव. पोटभर जेवंल. इरजण सकाळी ने, उजेडी."

"सगळ्यांसमोर मागू?"

"संपलं म्हणताना लाजली व्हतीस का?"

सुकन्या दोन घास जास्तच जेवली. सकाळी सगळ्या गल्लीदेखत चतुराबाई आली. नागम्माने वाटीत दोन चमचे घातले. "एक तुझा. दुसरा वर्षाराणीचा. तुझ्याच हातानं दे."

चतुराबाईने भिंतीवरून हात पुढे केला.

"आज कसं काय उरलं गं?" वर्षाराणी म्हणाली.

"घे गुमान."

चतुराबाई सुधारली की नाही, मला ठाऊक नाही. तशा बायका मी पुष्कळ बघितल्या आहेत. पण पुढच्याच आठवड्यात तिने पुन्हा कडकडीत दुधात मला घातलं, तेव्हा मी वर्षाराणीच्या वाटीत जिवंत होते. सुकन्याचा दहीभात चुकला नाही.

मित्रांनो, मला फ्रिजमध्ये लपवून जपायला जाऊ नका. चमचाभर भिंतीपलीकडे देऊन ठेवा. तुमच्या हातून एक दिवस मी मरणारच आहे. मला तिथूनच परत यायचं असतं.