बिनकानाचे जनावर

मी एक जुने लाकडी जनावर आहे. कुठले, ते विचारू नका. तोच प्रश्न एका पत्रात होता आणि त्या पत्राला कित्येक वर्षे उत्तर आले नाही.

मित्रांनो, ते पत्र माझ्याच पाठीवर कागद ठेवून लिहिले गेले. लिहिणारा सुतार होता. प्रार्थनाघरातली मुले शास्त्रातल्या एका गोष्टीचे नाटक बसवत होती. वाटेत मार खाऊन एक माणूस पडलेला असतो. दोघे जण त्याला पाहून बाजूने निघून जातात. तिसरा, परका, त्याला उचलून आपल्या जनावरावर बसवतो आणि उतारशाळेत नेतो. ते जनावर म्हणजे मी. जुन्या दाराच्या फळ्यांचे अंग, सुंभाची शेपटी, पायांखाली चाके. सगळे जमले आणि सुतार डोक्यापाशी अडला.

"जनावर म्हणजे कुठलं गं?" त्याने मुलीला विचारले. "गाढव, घोडा, की खेचर? कान केवढे करू?"

"शास्त्रात नुसतं जनावर म्हटलंय, बाबा."

"मग ही गोष्ट मुळात ग्रीक भाषेत लिहिलीय ना, तिथं काय शब्द आहे ते ग्रीकवाल्या काकांना विचारू. त्यांना ठाऊक असणारच."

ग्रीकवाले काका म्हणजे प्रार्थनाघराच्या वाचनखोलीत बसणारे एक अबोल, पुस्तकवेडे शिक्षक. समोर विचारले तर ते पुस्तकातून मान वर करत नसत, म्हणून पत्र पोस्टाने गेले. सुताराने कानांचे लांब आणि आखूड असे दोन्ही जोड कोरले, माझ्या डोक्यात भोके पाडली आणि तो वाट पाहत राहिला. उत्तर आले नाही, नाटकाचा दिवस मात्र आला. कान पिशवीत राहिले.

"अरे, हा तर टक्कल पडलेला घोडा!" मुले हसली.

"हॅट! उंदरांनी कान कुरतडलेलं गाढव!"

पण जखमी माणसाचे काम करणारे मूल माझ्या पाठीवर निजले की सगळ्यांचे हसणे थांबे. पुष्कळ वर्षे मी अशी मुले वाहिली. मोठी माणसे मला थोपटून जात. मग नाटक बंद पडले आणि मला वाचनखोलीच्या कोपऱ्यात ढकलले. चाके गंजली. वाईट वाटले का? नाही. काही वाटणेच थांबले होते. काका रोज येत, ओली छत्री माझ्या मानेत अडकवत आणि पुस्तकात डोके घालत. पाणी कानाच्या भोकात ठिबके. त्याचा गारवाही मला कळत नसे.

एके दिवशी सुताराची मुलगी आली. तिचेही केस पिकले होते. मला पाहून ती थबकली.

"अजून बिनकानाचंच का हे?"

"कान?" काकांनी मान वर केली.

"बाबा आता माझ्याकडे असतात. फारसं काही आठवत नाही त्यांना. कधी कधी मलाही ओळखत नाहीत. पण पोस्टमन दिसला की विचारतात, उत्तर आलं का? म्हणून ही कानांची पिशवी घेऊन आले. आता तरी तुम्हाला विचारावं आणि एक जोड लावून टाकावा."

काकांचा चेहरा उतरला.

"ते पत्र मला मिळालं होतं," ते हळूच म्हणाले. "मूळ शब्द क्तीनोस. म्हणजे पाळलेलं, आपल्या मालकीचं, ओझ्याचं नाहीतर बसायचं जनावर. कुठलं, ते त्यात नाही. वाटलं, आणखी पुस्तकं बघू, मग पक्कं कळवू. 'माहीत नाही' एवढंच लिहायची लाज वाटली. पुढे उशिराची लाज वाटली."

"अहो काका, एवढं कळवलं असतंत तरी बाबांनी डोकं खाजवून एक जोड ठोकला असता!" ती हसली आणि मग तिचे हसू विरले. "आता लिहा. मी सांगून नाही चालायचं. त्यांना ते पोस्टानंच यायला हवंय."

काकांनी माझ्या पाठीवर कागद ठेवला आणि पुटपुटत लिहिले, "सुतारबाबा, त्या शब्दात कानांचा पत्ता नाही. त्या माणसाने आपलं होतं ते जनावर दिलं, एवढंच शास्त्र सांगतं. दोन्ही जोड चालतील. तुम्ही म्हणाल तो लावू. उशीर झाला, माफ करा."

एकेक अक्षर ते लेखणी दाबून लिहीत होते. तो दाब माझ्या फळ्यांत उतरला. कित्येक वर्षांत मला जाणवले ते तेवढेच.

मित्रांनो, माझ्या चाकांना तेल घाला, असे मी म्हणणार नाही. पण कुणी काही विचारले, तर येत नसले तरी उत्तर द्या. "माहीत नाही" हेही उत्तरच असते. कुणीतरी दारात त्याची वाट पाहत असते.

छत्री माझ्या मानेतच विसरून काका पावसात निघाले. पाकीट त्यांनी सदऱ्याच्या आत धरले होते. खिडकीतून मला कोपऱ्यावरची टपालपेटी दिसते. तिच्या तोंडाशी ते जरा थांबले. मग त्यांनी पाकीट आत सोडले.