आंदणाचा पलंग

नरसिंग सुताराचे हात सोन्याचे, पण सोयऱ्यापुढं माणूस पार मेणाचा. तनुजा ही त्याची एकुलती लेक. तिचं कंधारच्या रविकिरणशी जमलेलं, साखरपुडा उरकलेला. आंदणात द्यायचा पलंग बापानं अहमदपुरात स्वतःच्या अंगणात घडवला, अस्सल शिसवीचा. काळाभोर, हात ठेवला की काढू वाटू नये असा.

रविकिरणची आई उज्वलाबाई पलंग बघायला आली. चहा पिऊन म्हणाली, "भाऊ, काम झ्याक हाय, पण लई काळा हो. आमच्या घरी सगळं क्रीम कलर. जरा उजळ करून द्या की." मग तनुजाकडं बघून हसली. "पोरगी सावळी हाय ते आम्ही चालवून घेतलं. आता पलंग बी काळाच म्हणल्यावर कसं?"

सगळे हसले. नरसिंगही हसला. अरे, लेकीचा बाप तू, आणि लेकीच्या रंगावर दात काढतोस? पण लग्न तोंडावर आलेलं. वाकडं बोललो आणि सोयरे बिथरले तर, ही त्याला धास्ती. तनुजा कपबशा उचलून आत गेली.

आता शिसवीला कुणी गोरं करतं का? पण विहीणबाईला सांगणार कोण! नरसिंग नांदेडहून दोन बाटल्या घेऊन आला, एकीत कॉस्टिकचं पाणी, दुसरीत कडक पेरॉक्साइड. वरचं वॉर्निश त्यानं आधी घासून काढलं, कारण ते असलं की औषध लाकडात मुरत नाही. जाड रबरी हातमोजे घालून एकावर एक हात दिले. फेस आला, आणि काळं लाकूड डोळ्यांदेखत फिकं पडत गेलं. तनुजा उंबऱ्यात उभी राहून बघत होती.

"आबा, पार्लरमधल्या ब्लीचमध्ये बी हेच असतंय ना?"

"हाव, जात तीच," नरसिंग म्हणाला. हे त्याच्या कैकपटीनं जहाल असतं, हे सांगायचं राहून गेलं. त्याचं सगळं ध्यान पलंगाच्या पायात होतं. लाकूड व्हिनेगरच्या पाण्यानं धुवायचं होतं, नाहीतर औषध आत राहतं आणि नवं वॉर्निश पांढरट पडून सोलून निघतं. घरात व्हिनेगर नव्हतं. बाटल्या ओट्यावर ठेवून तो दुकानाकडं गेला.

परत आला तर दारात शेजारणी गोळा झालेल्या. आत मोरीवर त्याची बायको शिवकन्या लेकीच्या तोंडावर तांब्यामागून तांब्या पाणी ओतत होती आणि देवाचा धावा करत होती.

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, डोळा वाचला, गालाचं सांगता येत नाही.

तनुजाचं अर्धं तोंड पट्टीत होतं. "आबा, ते औषध गालाला लावल्यावर आग व्हत व्हती," ती हळू बोलली. "पण आरशात बघितलं तर गाल पांढरा पडत चालला व्हता. मला वाटलं, साधलं. म्हणून दात आवळून थांबले."

कातडी जळताना पांढरी पडते, हे नरसिंगला ठाऊक होतं; त्याची स्वतःची बोटं कितीदा तशी झालेली. एवढं सांगायला काय जीभ झडली होती का?

तेवढ्यात फोन वाजला. उज्वलाबाई. तिला काहीच कळलेलं नव्हतं.

"काय भाऊ, उजळला का पलंग?"

"उजळला," नरसिंग म्हणाला. "पण तो तुमच्याकडं येणार न्हाई. माझी पोरगी बी येणार न्हाई. तुम्ही गोरी बघा दुसरी."

त्यानं फोन बंद केला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला छाती भरून श्वास घेता आला. आता लेक सुटली, असं त्याला वाटलं.

तनुजा उघड्या डोळ्यानं त्याच्याकडं बघत होती.

"मोडलं तुम्ही?"

"हाव, बाई. असल्या माणसांत न्हाई द्यायचं तुला."

ती उठून बसायला बघत होती. शिवकन्यानं तिचे खांदे धरले.

"मग मी हे सोसलं कशापायी, आबा?"