पेटीवरचं पंचामृत

भेरूघाटाच्या चढावर सिमेंटच्या ट्रकनं मला मागे टाकलं, त्या दिवशी ठरवलं, गाडीची ताकद वाढवायचीच. टर्बो डिझेल म्हणून हौसेनं घेतलेली गाडी चार माणसं बसली की चढावर रडते म्हणजे काय! गाडी माझ्या नावावर आहे, माझ्या पगारातून घेतलेली. मी उज्जैनला शाळेत फिजिक्स शिकवते. गाडी चाळिशीत शिकले, आणि ते घरात अजून कुणाला पचलेलं नाही.

पर्याय दोन होते. इंदूरचा एक माणूस इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅमच बदलून द्यायचा. ताकद भरपूर, पण पुन्हा पहिल्यासारखं करायचं तर त्याच्याच दारात जा. दुसरी होती काडेपेटीच्या दुप्पट एक काळी पेटी. डिझेलचा दाब मोजणारा सेन्सर आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये ती खोचायची. ती दाब जरा कमी सांगते, मग कॉम्प्युटर जरा जास्त डिझेल सोडतो. ताकद बेतानं वाढते, पण बिनसलंच तर दोन मिनिटांत काढून ठेवता येते. दोन महिने वाचलं, आकडेमोड केली आणि पेटी आणली.

माझे मोठे दीर भय्यासाहेब भडकले. टावर चौकात त्यांचं टायरचं दुकान, त्यामुळे चाकावर चालणाऱ्या सगळ्याची अक्कल त्यांनाच.

"विनोदिनी, हे डब्बे-वब्बे बेकार असतात. प्रोग्रॅम करवून घे, एकदम पक्कं काम."

"माझं ठरलंय."

"मग ऐक. डब्ब्यानं गाडी बिघडली तर किल्ली माझ्याकडे. ड्रायव्हर ठेवू, तू आरामात मागे बस."

माझे यजमान सुहास पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "मान्य कर ना, विनू. कशाला झिकझिक?"

मीही इरेला पेटून "मान्य" म्हणून बसले.

पेटी लावल्यावर गाडी अशी पळायला लागली की बघत राहावं. मग आली खंडेनवमी. माझे सासरे तात्या रेल्वेतून रिटायर झालेले. त्या दिवशी ते पान्यापासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्याची पूजा करतात. यंदा त्यांनी बॉनेटही उघडायला लावलं. मी नैवेद्याचं बघायला आत गेले.

दसऱ्याला सगळे ओंकारेश्वरला गेलो. परतताना भरदुपारी भेरूघाटात समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गाडीचा जीवच गेला. कशीबशी कडेला घेतली.

भय्यासाहेबांनी उतरताउतरताच हात पुढे केला. "लाओ किल्ली."

मी बॉनेट उघडलं, पेटीचं सॉकेट उपसलं. आत दही, मध आणि दोन मुंग्या.

तात्या वाकून बघत होते. त्यांचा चेहरा उतरला. "मीच घातलं पळीभर पंचामृत," ते हळूच म्हणाले. "नवीन यंत्र, म्हटलं अभिषेक व्हायला हवा."

मला त्यांचा राग आला नाही. हसूच आलं.

भय्यासाहेब उदार झाले. "चलो, मग डब्ब्याची गलती नाही. राहू दे किल्ली तुझ्याकडेच."

राहू दे! माझं डोकं सणकलं.

"पेटी जळून खाक झाली असती ना, भय्यासाहेब, तरी किल्ली दिली नसती. 'मान्य' म्हटलं, ती चूक माझी. गाडी माझी आहे. बिघडेल तेव्हा मी निस्तरीन."

"अगं, दादा आहेत ते," सुहास पुटपुटले.

"माहीत आहे. आता दादांना सांगा, गाडी कुणाची आहे ते."

मी सॉकेट पाण्यानं धुतलं, रुमालानं कोरडं केलं, उन्हात धरलं आणि पेटी परत खोचली. दोनदा सुरू करून बंद केल्यावर दिवा विझला. तात्या येऊन माझ्या शेजारी बसले, सुहास मागे. भय्यासाहेब रस्त्यातच उभे, कुणीतरी बोलावेल म्हणून.

मी हाक मारली नाही. पहिला गिअर टाकला, तेव्हा स्वतःच दार उघडून ते मागे बसले.