वाऱ्याच्या आड

अभिमन सरांनी ग्रुपवर हुकूम काढला, बाहेर फिरायला बंदी आहे, सायकल गच्चीत न्या, स्टँडवर लावा आणि तिथेच अर्धा तास पायडल मारा. वर फोटोही टाकायचा. सर शाळेत पी.टी. शिकवून रिटायर झालेले. शिट्टी सुटली तरी सवय सुटलेली नव्हती. चोपड्यातल्या आम्हा निवृत्त सायकलवाल्यांच्या ग्रुपात सात जण. पाच जणांनी इमानेइतबारे फोटो टाकायला सुरुवात केली. जागच्या जागी चाक फिरवणारी ती म्हातारी माणसं बघून मला हसू यायचं. घाण्याचा बैल तरी गोल फिरतो.

मीही फोटो टाकायचो, पण एकच काढून ठेवलेला. रोज तोच. शर्ट बदलत नाही हे सरांच्या लक्षात यायला आठ दिवस लागले, तेव्हा तो शर्ट आवडता आहे म्हणून मी वेळ मारून नेली.

खरं तर मी आणि वना पहाटे पाचला पाटाच्या रस्त्याने निघायचो. एकवीस सालचा एप्रिल होता तो, दुसऱ्या लाटेचा. चौकात पोलीस, दुकानं बंद, आणि दिवसातून चार वेळा गावातून ॲम्ब्युलन्स जायची. शेतीच्या कामाला मात्र मोकळीक होती, म्हणून वनाने कॅरिअरला विळा बांधलेला. कोणी अडवलंच तर गवत कापायला चाललो. मी वीज मंडळातला लाइनमन, जन्मात गवत कापलेलं नाही, पण चेहरा तसा करायचो.

वना एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त. तरुणपणी त्याला टीबी झाला होता, तेव्हापासून उजवं फुफ्फुस नावालाच. म्हणून आमची तीस वर्षांची पद्धत ठरलेली: मी पुढे, तो मागे. आपल्याकडे उन्हाळ्यातला वारा समोरून आला की तरण्या पोरालाही सायकलवरून उतरवतो. माझी पाठ कपाटाएवढी. वना आपलं पुढचं चाक माझ्या मागच्या चाकाला वीतभर अंतरावर ठेवायचा आणि वाऱ्याच्या आड आरामात यायचा. मला मागे वळून बघता येत नसे. गरजही नसे. त्याचा श्वास ऐकला की कळायचं, आता चढ त्याला जड जातोय, वेग कमी करायचा. बायकोचा आवाज मी इतकं लक्ष देऊन कधी ऐकला नाही, असं लिलाबाई म्हणते, आणि ते खरं आहे.

मास्क दोघांच्याही गळ्यात. तो लावून पायडल मारता येत नाही. "उघडावर काय व्हस? वारा बठ्ठं लई जास," असं वना म्हणायचा आणि वारा सगळं घेऊन जातो हे मला पटायचं. आम्ही दोघं जगातले शेवटचे डॉक्टर. थांबलो की पाटाच्या कठड्यावर एकाच बाटलीचं पाणी प्यायचो.

त्या मंगळवारी माझी सायकल पंक्चर झाली. दुकान बंद, म्हणून मीच अंगणात ट्यूब काढून बसलो. घासली, सोल्युशनची नळी उघडली आणि लावायला लागलो. काहीतरी चुकतंय असं वाटत होतं. नळी नाकाशी नेली. त्या सोल्युशनचा वास इतका उग्र की लिलाबाई घरातून ओरडते. मला काहीच आलं नाही. नळी नाकात घालायची बाकी ठेवली.

स्वयंपाकघरात गेलो. लिलाबाई ठेच्यासाठी मिरच्या भाजत होती. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, पण वास नाही. हिंगाची डबी उघडली, रॉकेलची बाटली उघडली. ती तवा खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"तुम्हले वास येस का?" तिने विचारलं.

मी नाही म्हटलं. मग तिलाही मिरचीचा ठसका लागला आणि ती खोकली, आणि त्या एका खोकल्यासरशी मी दारापर्यंत मागे सरकलो. विजेच्या खांबावर चाळीस वर्षं चढलो, कधी भ्यालो नाही. त्या दिवशी भ्यालो. पण खोटं कशाला सांगू, लिलाबाईच्या नंतर लगेच डोक्यात आला तो वना. कालच, सोमवारी, तो दहा किलोमीटर माझ्या पाठीमागे होता. मी तोंड उघडं टाकून धापा टाकत होतो आणि वारा समोरून होता. मी सोडलेला प्रत्येक श्वास थेट त्याच्या तोंडावर जात असणार. ज्याचं अर्धंच फुफ्फुस, त्याला मी तीस वर्षं आडोसा दिला आणि आता त्याच आडोशात मारलं.

बुधवारी सरकारी दवाखान्यात नाकात काडी घातली. पंधरा मिनिटांत पॉझिटिव्ह. लिलाबाई निगेटिव्ह आली तेवढाच जिवाला आधार. तिथल्या मुलीने वहीत नाव लिहून घेतलं आणि विचारलं, आजोबा, कोणाकोणाच्या संपर्कात आलात? मी म्हटलं, फक्त बायको. तोंडातून कसं निघालं ते मला आजही कळत नाही. वनाचं नाव सांगितलं असतं तर त्याच्या घरी फोन गेला असता, आणि त्याच्या बायकोला, यशोदाबाईला, कळलं असतं की हा पहाटे मळ्यात पाणी द्यायला जात नव्हता. कारण एवढंच होतं का? नाही. मी त्याला मारलं हे मला कोणाच्या वहीत लिहिलेलं बघायचं नव्हतं.

मग मी वरच्या खोलीत. लिलाबाई पायरीवर ताट ठेवून खाली जायची. बोटाला ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावायचं, आकडा बघायचा. माझा आकडा छान, सत्त्याण्णव. तो बघून धीर यायच्या ऐवजी वनाचा किती असेल हेच मनात यायचं. रोज फोन हातात घ्यायचो आणि ठेवायचो. माणूस रोगाने नाही, धास्तीने मरतो, असं गावात सगळे म्हणत होते. मी ते वाक्य धरून बसलो. सांगितलं तर तो धास्तीने मरेल, असं स्वतःला बजावलं. भित्र्या माणसाला कारणं बरी सापडतात. ग्रुपवर वनाचा फोटो आला नव्हता, पण तो तसाही कधी टाकत नसे.

शुक्रवारी दुपारी मात्र राहवेना. फोन लावला. बराच वेळ वाजला, मग त्याने उचलला आणि "बोल" म्हणाला.

पाठ केलेलं सगळं मी विसरलो. कारण त्या एका शब्दानंतर मला त्याचा श्वास ऐकू आला. लासूरच्या चढावर अर्ध्यात आल्यावर असतो तसा, तुटक, वरच्या वर. मी विचारलं, सायकलवर आहेस का. तो म्हणाला, नाही, खळ्यात खाटेवर आडवा पडलोय.

"वना, तुले कधीपाईन व्हयनं हाई?"

तो थांबत थांबत म्हणाला, "शनवारपाईन ताप शे. पन मी ते मांगे व्हतू ना. मांगला मानूसनं पुढलाले कसं लागी, असं वाटनं."

ताप घेऊन तो रविवारी आणि सोमवारी आला होता. एका दिवसाचीही सुट्टी नको म्हणून आला होता. आणि मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगतो, लपवत नाही. सुटल्यासारखं वाटलं. मी नाही दिला, त्याने मला दिला. छातीवरचा दगड कोणी उचलावा तसा मी मोकळा श्वास घेतला आणि पलीकडे तो श्वासासाठी धडपडत होता. मला माझीच किळस आली. खरं तर कोणी कोणाला दिला हे कोणाला कधीच कळणार नव्हतं.

यशोदाबाईला लागू नये म्हणून मका राखायचं निमित्त करून तो खळ्यात झोपत होता. ती भाकरी दारात ठेवून जायची. गोळ्या त्याने परस्पर आणल्या होत्या. दवाखान्याचं नाव काढलं तर म्हणाला, आमच्या गल्लीतले तीन जण गेले, एकही परत आला नाही.

"घरमा सांगू नको, भिका. तुले मनी आन शे."

मी त्या शपथेला हो म्हटलं. फोन ठेवला आणि यशोदाबाईला लावला.

ती म्हणाली, "भाऊ, त्या ते खयामा मका राखी राह्यनात."

"वहिनी, मका राहू द्या. वनाले शनवारपाईन ताप शे, दम लागी राह्यना. आम्ही रोज पहाटे सायकलवर जात व्हतूत. मालेबी करोना शे."

मला वाटलं ती शिव्या घालेल. बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "गाडी सांगा."

गाडी मी कुठून सांगणार? अभिमन सरांना फोन केला, खोट्या फोटोंपासून सगळं कबूल केलं. सर एका शब्दानेही रागावले नाहीत. त्यांचे विद्यार्थी सगळ्या जिल्ह्यात पसरलेले. एकाने केळीचा टेम्पो दिला, दुसऱ्याने जळगावात ऑक्सिजनचा बेड शोधला. संध्याकाळी टेम्पो माझ्या घरावरून गेला. मी खिडकीत होतो. मागे सतरंजीवर वना, त्याचं डोकं मांडीवर घेऊन यशोदाबाई. त्याने वर बघितलं नाही.

दवाखान्यात पोहोचल्यावर त्याचा आकडा एक्क्याऐंशी होता.

पाच दिवस वनाचं काहीच कळलं नाही. यशोदाबाईही पॉझिटिव्ह निघाली, ती तिकडेच दुसऱ्या वॉर्डात होती, तिलाही त्याच्याजवळ जाऊ देत नव्हते. मी फोनकडे बघायला भ्यायचो आणि फोन नजरेआड झाला तरी भ्यायचो. सहाव्या दिवशी सकाळी तो वाजला. स्क्रीनवर नाव वनाचं. पण त्या महिन्यात नाव ज्याचं असायचं, आवाज त्याचाच असेल असं काही नव्हतं. लिलाबाई पायरीवर येऊन उभी राहिली. मी उचलला.

"यशोदाले तूच सांगं ना?"

आवाज त्याचाच होता, कागदासारखा पातळ.

"हा. मीच सांगं."

मी शिव्यांची वाट बघत राहिलो. तीस वर्षांत वनाने कधी थकलो म्हटलं नव्हतं, दुखतंय म्हटलं नव्हतं.

"भिका, माले भ्याव वाटस," तो म्हणाला. "बाजूनी खाट सकायपाईन रिकामी शे."

घाबरू नको म्हणणार होतो. ते सगळेच सगळ्यांना म्हणत होते.

"मालेबी वाटस, वना," मी म्हटलं. "पहिल्या दिवसपाईन वाटस."

मी त्याचा श्वास ऐकत राहिलो. फोन तसाच कानाला. मग पलीकडे एका मुलीचा आवाज आला, बहुतेक नर्स असावी. "आजोबा, पुरे आता, मास्क लावायचाय," असं त्याला म्हणाली, आणि फोन घेऊन मला म्हणाली, "उद्या करा."

तिला मी तीनदा विचारलं, उद्या किती वाजता करू.