तीन हजारांच्या भांड्याला दोन हजारांचा मी

पंख्याचा रेग्युलेटर समजून मला हिणवू नका, मित्रांनो. घरच्या घरी अर्क काढायचं विजेचं भांडं असतं ना, त्याची आच कमीजास्त करणारा मी. वयाने जुना, अंगाने मूठभर. पुढे एक गोल बटण, मागे गरमी बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि पोटावर छापलेलं: दोन हजार वॉट.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. जन्माचं कौतुक कुणी केलं नाही. तिथे दिवसाला माझ्यासारखे हजार जन्मतात. तिथून खोक्यात बसून मी इराणात, काशानच्या बाजारात आगा सफदरच्या दुकानात आलो. माझ्या एका बाजूला दिव्यांचा उजेड मंद करणारे किरकोळ रेग्युलेटर होते. दुसऱ्या बाजूला चार हजार वॉटचा एक बडा, आकडे दाखवणारा, माझ्या तिप्पट किमतीचा. तो माझ्याशी बोलत नसे. मलाही त्याच्याशी काही बोलायचं नव्हतं.

मला नेलं ते नादेरने, सासूबाईंसाठी. सासूबाई म्हणजे इशरत खानम. उभा जन्म कमसर गावात, गुलाबाच्या मळ्यात गेला. वडिलांच्या तांब्याच्या भांड्यात लहानपणापासून गुलाबपाणी काढलेलं. नवरा गेल्यावर त्या काशानला लेकीच्या घरी आल्या. तिसऱ्या मजल्यावर लाकडं कुठे पेटवणार? म्हणून त्यांनी विजेचं भांडं घेतलं. त्या भांड्याला चालू आणि बंद एवढंच कळत होतं. पहिल्यांदा पुदिना घातला तर उतू जाऊन नळीतून हिरवं पाणीच बाटलीत उतरलं. आणि नवऱ्याची पहिली बरसी तर दहा दिवसांवर आलेली. त्याने स्वतः लावलेल्या ताटव्यातल्या फुलांचं गुलाबपाणी आपल्या हाताने काढायचं आणि त्या पाण्याने त्याची कबर धुवायची, असं खानमने मनाशी धरलं होतं. बहर सरत आला होता. कमसरचा त्यांचा भाऊ शुक्रवारी सकाळी फुलांचं शेवटचं पोतं पाठवणार होता. त्यानंतर थेट पुढचं वर्ष.

गुरुवारी नादेर दुकानात आला.

"भांडं किती वॉटचं आहे?" आगा सफदरने विचारलं.

आता ऐका, मित्रांनो. या लोकांत आपल्या वस्तूला मोठं म्हणणं शोभत नाही. घर कितीही मोठं असलं तरी म्हणायचं, आमची झोपडी. नादेर खाली बघत म्हणाला, "छे हो, कसलं भांडं! लहानसंच आहे. तुम्हाला सांगावं असं काही नाही."

सफदरने 'लहानसं' ऐकलं आणि मला खाली काढलं. "मग याच्याने भागेल. बड्याचे पैसे कशाला घालवता?"

"किती द्यायचे?"

"तुमच्यापुढे पैशांचं काय! राहू द्या."

"असं कसं?"

"अहो, न्या. घरचंच दुकान आहे."

तीनदा नको म्हणून झाल्यावर चौथ्यांदा त्याने पैसे घेतले, पुरते मोजून. दोघांनी छातीवर हात ठेवून निरोप घेतला. इतक्या गोड बोलण्यात वॉटचा आकडा मात्र राहूनच गेला.

शुक्रवारी सकाळी पोतं आलं. पहाटेची खुडलेली फुलं, अजून ओलसर. खानमने ती पाण्यासकट भांड्यात घातली, झाकण लावलं, नळी थंड पाण्यातल्या बाटलीत सोडली. मला भिंतीतल्या प्लगला जोडलं, भांडं मला जोडलं आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं.

माझ्यावर काय गुदरलं ते सांगतो, पण त्यात रडगाणं नाही. पट्ट्या तापल्या. मग पोट तापलं. वीस मिनिटांत माझं प्लॅस्टिक मऊ पडायला लागलं.

खानमचं नाक तयार होतं. "नादेर, हा गुलाबाचा वास नव्हे. काढ, काढ ते!"

नादेरने मला धरलं आणि बोट चोळत मागे सरला. मग त्याने माझं पोट वाचलं: दोन हजार. भांड्याचं बूड वाचलं: तीन हजार.

"तू त्यांना काय सांगितलंस?" खानमने विचारलं.

"लहानसं आहे म्हणालो."

"तीन हजारांचं भांडं लहानसं? लग्नाच्या वेळी पगार विचारला तेव्हा रे? तेव्हा बरा दुप्पट सांगितलास!"

लेक मेहरी स्वयंपाकघराच्या दारात होती. ती ओढणी तोंडाला लावून हसली. खानम हसल्या नाहीत. शुक्रवार, दुकान बंद. फुलं भिजलेली, संध्याकाळपर्यंत ती आंबली असती. त्या भांड्यापाशी बसल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "त्याने एवढंच मागे ठेवलं होतं," त्या म्हणाल्या.

नादेरची मान खाली गेली. मग सासूबाईंना आई म्हणून हाक मारत त्याने विचारलं, "मादर, तांब्याच्या भांड्याखाली जाळ सारखा मोठाच असायचा का?"

"वेडा की काय? उकळी येईपर्यंत लाकडं ठासायची. मग ओढून काढायची. नुसत्या निखाऱ्यावर—" आणि त्या बोलता बोलता थांबल्या.

मग त्यांनी भांडं सरळ भिंतीला जोडलं. मी बाजूला निवत पडलो. पाणी कढायला लागताच नादेरने मला मध्ये घेतलं आणि बटण निम्म्याच्याही खाली ठेवलं. मंद आचेवर माझ्यातून जाणारी वीज मला झेपणारी होती. तरी खानम पाच तास माझ्याजवळून हलल्या नाहीत. घडोघडी हाताने पाठ बघत होत्या आणि मधूनमधून मला पंख्याने वारा घालत होत्या. यंत्राला वारा घालणारं माणूस मी तेव्हाच पाहिलं.

नळीतून थेंब थेंब येत राहिलं. पहिली बाटली भरल्यावर खानमने तळहातावर पाणी घेतलं, चोळलं, हुंगलं. करपट वास नव्हता. त्यांनी तोच हात नादेरच्या नाकापुढे धरला.

"कबरीपाशी सासऱ्याला म्हणू नकोस, लहानसं आहे म्हणून," त्या म्हणाल्या. "चांगलं आहे. चांगलंच म्हण."

शनिवारी नादेरकडून सगळं कळल्यावर सफदर बडा रेग्युलेटर घेऊन स्वतः आला, ओशाळून. खानमने त्याला चहा दिला, एक बाटली दिली आणि बडा परत पाठवला. त्यानंतर मला एक कागद चिकटवून त्यावर त्यांनी लिहिलं: उकळी आल्यावरच लावा.

अकरा बहर मी असे काढले. आता खानमचे हात थरथरतात. भांडं मेहरी लावते, आणि तिला नेहमी घाई असते. कागदावरची शाई उडाली आहे. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर जोडण्याआधी त्याच्या पोटावरचा आकडा वाचा आणि भांड्याखालचाही वाचा. आम्हाला ओरडता येत नाही. वास तेवढा येतो, आणि दर वेळी तो ओळखायला इशरत खानम जवळ बसलेल्या नसतात.